डिक्कीतला देव

मन्मथनं भाकरीचा तुकडा शर्टाच्या खिशात सारला आणि रिकामं तोंड हलवत राहिला.

आई गॅसपाशी पाठमोरी होती. ती वळली की तो चावायचा, ती भाकरी थापायला लागली की खिसा भरायचा. शेंगाचटणीचं तेल खिशातून झिरपायला लागलं होतं. त्यानं त्यावर हात ठेवला. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, घरचं जेवण बघून पोराला भरून आलंय.

“आनिक अर्धी वाढू?”

“वाढ.”

“लातूरला उपाशी ठेवतेत का रे तुला? कसा खायलास बघ.”

अंगणात साहेब वाट बघत होता. साहेब म्हणजे घरचं कुत्रं. मन्मथ गावी आल्यापासून साहेबाचे दिवस पालटले होते. मन्मथ हात धुवायला बाहेर आला, की साहेबाचं पान वाढलं जायचं.

लोक चोरून खातात. मन्मथ चोरून उपाशी राहत होता. कारण साधं होतं. त्याचा देव हरवला होता. हरवला म्हणजे श्रद्धाबिद्धा नव्हे. ती आपली कधीचीच संपली, असं त्याचं मत होतं. खरोखरचा देव, गळ्यातला. लिंगायताच्या घरी दीक्षेच्या वेळी गुरू जे इष्टलिंग बांधतात ते मरेपर्यंत अंगावर असतं. झोपेत, अंघोळीत, परीक्षेत. आणि ते हरवलं, तर सापडेपर्यंत किंवा नवं बांधेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही, असं मन्मथला लहानपणी शिकवलेलं होतं. शिकवणारे त्याचे वडीलच. सिद्रामप्पा स्वामी. चाकूरच्या आसपास कुणा लिंगायताच्या घरी बारसं असो, लग्न असो की मयत, सिद्रामप्पांशिवाय उरकत नसे.

मन्मथला हा नियम पटत नव्हता. तो लातूरला नीटच्या क्लासमध्ये बायॉलॉजी शिकवायचा. अन्ननलिका कशी चालते हे त्याला फळ्यावर काढून दाखवता यायचं. पण घास तोंडाशी आला की ती अन्ननलिका बंद. पाण्याला त्यानं आपल्या अधिकारात सूट दिली होती. लिंबाच्या गोळ्यांनाही. गोळी विरघळते, म्हणजे ती पाणीच.

गळा सपाट दिसू नये म्हणून त्यानं बामची छोटी बाटली दोऱ्याला बांधून बनियनच्या आत सोडली होती. उंचवटा बरोबर त्याच मापाचा यायचा. फक्त वास यायचा.

“डोकं दुखायलंय व्हय रे?” आईनं विचारलं.

“हाव.”

“तरीच डोळे खोल गेलेत.” आईला बरं वाटलं. कारण सापडलं की तिला नेहमीच बरं वाटायचं.

उद्या साखरपुडा होता. शिरूर अनंतपाळहून मुलीकडचे येणार, मठाचे गुरू येणार. आणि घरच्या रीतीप्रमाणे मुलानं आपला देव डाव्या तळहातावर घेऊन सगळ्या पाहुण्यांसमोर पूजा करायची. बामच्या बाटलीवर बेल वाहून निभेल का, याचाही मन्मथनं विचार केला होता. बाटली हिरवी होती. बुडाला एक्सपायरी डेट होती.

देव आत्ता कुठं आहे हे त्याला नेमकं माहीत होतं. मुदखेडला. सुगतच्या स्कूटीच्या डिक्कीत.

सुगत आणि तो नांदेडला रेल्वेच्या परीक्षेत एका बाकावर आले होते. सुगत पास झाला, मन्मथ प्रेमात पडला. घरी दोघांनीही फक्त परीक्षेचा निकाल सांगितला. सुगत मुदखेड जंक्शनला सिग्नल खात्यात लागला, त्याला क्वार्टर मिळालं, आणि मन्मथ एक रविवार आड मुदखेडला जायला लागला. त्याला कारण हवं होतं. मुदखेडच्या शिवारात फुलांची शेती, म्हणून कारण फुलांचं. अप्पांच्या पूजेला मुदखेडचा मोगरा. मोगरा नसला तर गुलाब. सिद्रामप्पा ती फुलं ओंजळीत घ्यायचे आणि वास न घेता देवाला वाहायचे, कारण हुंगलेलं फूल देवाला चालत नाही. एवढ्या वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नाही, की लातूरच्या बाजारात मोगरा मिळत नाही का.

देवाची अडचण पहिल्याच रविवारी आली. आठव्या वर्षी देव बांधताना गुरूंनी मन्मथच्या कानात सांगितलं होतं, “आता तू कधीच एकटा न्हाईस.” पंधराव्या वर्षापासून त्याची नेमकी हीच अडचण होती. त्यानं उपाय करून पाहिले होते. उपास, जप, थंड पाण्याच्या अंघोळी. एका ऑनलाइन महाराजांना नाव न सांगता विचारलं होतं, पुरुषाची ओढ वाटते, काय करावं. महाराजांनी उत्तर दिलं, वांगी बंद करा. त्यानं वांगी बंद केली. ओढ होती तिथंच राहिली. आई मात्र अजून सगळ्यांना सांगायची, आमच्या मन्मथला वांग्याची ॲलर्जी हाय.

तेव्हा सुगतच्या घरी पाऊल टाकलं की आधी देव काढून ठेवायचा. सुरुवातीला खिळ्याला अडकवला. तिथून तो बघतोय असं वाटायचं. मग कपाटात. मग तांदळाच्या डब्यात. पण सुगत भात लावायला गेला की “देवा, जरा सरका” म्हणायचा, ते मन्मथला सहन होईना. शेवटी एका छपराखालीच नको, म्हणून बाहेर उभ्या स्कूटीच्या डिक्कीत. सुगतच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. ती कधी जागची हलली नाही.

“त्याला काही वाटत न्हाई का?” मन्मथनं एकदा विचारलं होतं.

“डोळे मिटलेत की त्याचे,” सुगत म्हणाला होता. “आन स्वतःचं घर सोडून गेलेला मानूस हाय तो. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसत न्हाई.”

गेल्या रविवारी मन्मथनं साखरपुड्याचं सांगितलं. सुगत वर्दीच्या शर्टाची घडी घालत होता. त्यानं घडी पूर्ण केली, मोडली, परत घातली.

“म्हणजे तिच्याजवळ असताना देव गळ्यात ऱ्हाणार,” तो म्हणाला. “आन माझ्याजवळ असताना डिक्कीत.”

मन्मथ चपला घालून स्टेशनकडं चालायला लागला. गाडी नांदेडला पोचेपर्यंत त्यानं सुगतला ब्लॉक केलं होतं. पूर्णेला अनब्लॉक केलं. तेव्हा कळलं, की सुगतनंही त्याला ब्लॉक केलंय, आणि तो अनब्लॉक करत नाहीये. मग सवयीनं हात छातीवर गेला, आणि छातीवर काहीच नव्हतं.

जाऊन आणता आला असता. पण देव आणायला सुगतच्या दारात जावं लागणार होतं, आणि त्या दारात गेलो तर या वेळी आपण परत येणार नाही, याची मन्मथला भीती होती. आपण परत येऊ, याची त्याहून जास्त.

मुलीचं नाव शिवांगी. बघायच्या कार्यक्रमात दोघांना बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं, तेव्हा तिनं टाकीला टेकून सरळ विचारलं होतं, “तुम्हाला दुसरं कुणी आवडत असंल तर आत्ता सांगा. नकार मी देते. बोलणी मी खाईन, मला सवय हाय.”

तो “न्हाई” म्हणाला होता. इतक्या पटकन, की ती हसली होती.

दुपारी सिद्रामप्पा ओसरीवर उद्याची तयारी करत बसले होते. समोर त्यांची लाकडी पेटी उघडी होती. विभूतीचे गोळे, रुद्राक्षं, पांढरी वस्त्रं, आणि ज्यांना दीक्षा द्यायची त्यांच्यासाठी ठेवलेली नवी इष्टलिंगं.

“सकाळी पूजेला आला न्हाईस,” ते मान वर न करता म्हणाले.

“नळावरच केली, अप्पा. अंघोळ करता करता.”

“बरं.”

त्यांनी एक रुद्राक्ष पुसून पेटीत ठेवलं.

“बामचा वास लई यायलाय,” ते म्हणाले.

“डोकं दुखायलंय.”

“बरं.”

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक स्कूटी आली. हळूहळू, रस्त्यातला प्रत्येक खड्डा चुकवत, जशी वरात येते तशी. साहेब भुंकला. गाडी दारात थांबली. चालवणाऱ्यानं तोंडावरचा रुमाल सोडला. रुमालाच्या वर तोंड धुळीनं पांढरं झालं होतं, खाली सावळं होतं.

“मन्मथ स्वामीचं घर हेच का?”

“हेच,” आई दारात येत म्हणाली. “तुम्ही?”

“मी सुगत. मुदखेडहून आलो.”

मन्मथ ओसरीच्या खांबाला धरून उभा राहिला.

“मुदखेडहून? गाडीवर? ह्या उन्हात?” सिद्रामप्पा उठले. “बसनं यायचं की, बापा.”

“बसमध्ये स्कूटी घेत न्हाईत.”

सुगतनं एकदाच मन्मथकडं बघितलं. मग नजर गाडीच्या सीटवर ठेवली.

“ह्यांचं सामान ऱ्हायलं होतं माझ्याकडं,” तो म्हणाला. “कुलपात व्हतं. ह्यांचा देव.”

आईच्या हातातला पाण्याचा तांब्या कलला. पाणी उंबऱ्यावर सांडलं.

“आणा की मग आत,” सिद्रामप्पा म्हणाले. त्यांचा आवाज रोजचाच होता.

सुगत जागचा हलला नाही. “हात लावावा का न्हाई, मला कळंना,” तो म्हणाला. “आमचा हात तुमच्यात चालतो का, मालूम न्हाई. विचारायला त्याच रविवारी फोन लावला, तर लागंना. म्हणून गाडीसकट आणलं.”

सिद्रामप्पांनी हात धुतले, खांद्यावर उपरणं घेतलं आणि चालत गाडीपाशी गेले. सुगतनं चावी पुढं केली. त्यांनी ती घेतली, लावली, सीट वर उचलली.

तळाला घडी घातलेला रेनकोट होता. त्याच्यावर पांढऱ्या वस्त्रात गुंडाळलेला देव, मन्मथनं ठेवला होता तसाच, दोरासुद्धा त्याच वळणात. आणि भोवती मोगरा. खालची फुलं तांबूस होऊन सुकलेली, त्याच्यावरची पिवळी पडलेली, अगदी वर आजची, उन्हानं मलूल झालेली पण पांढरी. पंक्चरचं सामान एका कोपऱ्यात सरकवून देवाला जागा करून दिलेली होती.

“रोज?” सिद्रामप्पांनी विचारलं.

“ड्युटीवर जाताना. वरनंच टाकायचो, शिवलो न्हाई,” सुगत म्हणाला. “त्याला सवय असंल म्हणलं. घरी रोज होत असंल ना. मंत्र काही येत न्हाईत मला. आमची वंदना म्हणायचो.”

“डिक्कीला?”

“हाव. लोक म्हणायचे, गाडी चालू हुईना वाटतं.”

सिद्रामप्पांनी वरचं एक फूल उचललं. ते नाकाशी नेलं आणि डोळे मिटून वास घेतला. मन्मथनं त्यांना फूल हुंगताना जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी ते फूल बराच वेळ तसंच धरलं. एवढी वर्षं एक रविवार आड त्यांच्या ओंजळीत आलेलं हेच फूल होतं, आणि ते आता त्यांच्यापुरतं देवाला चालणार नव्हतं. त्यांनी ते सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

मग सीट खाली घेतली. देव आतच होता.

“हातपाय धुवा,” ते सुगतला म्हणाले. “जेवल्याबगर जायचं न्हाई.”

आई दारातच उभी होती. “आडनाव काय म्हणलात तुम्ही?”

“म्हणलो न्हाई अजून,” सुगत म्हणाला.

“सिंधु,” सिद्रामप्पा म्हणाले, “ताटं वाढ. दोन.”

आई आत गेली. आत भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त झाला, मग नेहमीसारखा झाला.

सिद्रामप्पा पेटीपाशी बसले आणि त्यांनी मन्मथला समोर बसायची खूण केली.

“ती बाटली काढ आधी. डोळ्याला झोंबायलीय मला कालपासून.”

मन्मथनं बाटली काढली. सिद्रामप्पांनी पेटीतलं एक नवं इष्टलिंग घेतलं, धुतलं, विभूती लावली. मन्मथला वाटलं, ते शिवांगीसाठी असेल.

“मान खाली कर.”

“अप्पा, माझा सापडलाय की. डिक्कीत हाय.”

“तो न्हाई चालत आता.”

“कामून?”

“दुसऱ्याच्या हातून फुलं घेतलेला देव परत गळ्यात बांधत न्हाईत. ज्यानं घातली त्याचा होतो तो. नियम हाय.”

असा नियम नव्हता. मन्मथला सगळे नियम पाठ होते. ते याच माणसानं पाठ करून घेतले होते. सापडलेला देव धुवायचा, विभूती लावायची, परत बांधायचा. एवढंच होतं. सिद्रामप्पांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे नियम सांगितले होते. हा पहिला त्यांचा स्वतःचा होता. तो सांगताना त्यांचा आवाज हलला नाही. दोऱ्याची गाठ मात्र बोटांतून दोनदा निसटली.

असा नियम नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. गाडी दारातच होती. चावी अप्पांच्या मांडीशी पडलेली होती. मन्मथनं मान आणखी थोडी खाली केली, म्हणजे गाठ नीट बसेल.

सुगत पाय धुऊन ओसरीच्या कडेला येऊन थांबला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

“तुमच्या वाटंवर गोदावरी लागती,” सिद्रामप्पा त्याला म्हणाले. “तिथं सोडा. न्हाईतर ठेवा. ते तुमच्यावर. माझं काही म्हणणं न्हाई.”

“नदीत देव सोडायचा अनुभव हाय आमच्या घरात,” सुगत म्हणाला. “आमच्या आज्ज्यानं, ज्ञानोबानं, छप्पन साली सगळे एकदमच सोडले.”

“मग?”

“मग काही न्हाई. तेव्हापासून कुणी आणून दिला नव्हता.”

सिद्रामप्पांनी मान हलवली. कशाला, ते कळलं नाही. त्यांनी चावी उचलून सुगतच्या तळहातावर ठेवली. वरून टाकली नाही, ठेवली.

दोघांची ताटं शेजारी शेजारी वाढली होती. गरम भाकरी, भेंडी, शेंगाचटणी, वरण. मन्मथनं पहिला घास घेतला. तो गेला. दुसराही गेला. इतक्या दिवसांनी अन्नाची चव इतकी चांगली लागत होती की त्याला मान वर करायची लाज वाटली.

“उपाशी व्हतास?” सुगतनं ताटाकडं बघत हळूच विचारलं.

“हाव.”

“येडा हायस. मी दोन्ही टाइम जेवलो.”

त्याच्या ताटातली भाकरी अर्धीच राहिली होती. आई वाढायला आली. त्यानं ताटावर आडवा हात धरला.

निघताना सुगतनं रुमाल तोंडाला बांधला. “उद्या ड्युटी हाय,” तो म्हणाला. “न्हाईतर थांबलो असतो साखरपुड्याला.” हा विनोद होता. रुमालाआड तो हसला का, ते दिसलं नाही. मन्मथ हसला नाही. त्यानं सुगतच्या शर्टाच्या बाहीवरची धूळ झटकायला हात उचलला, आई बघत होती, म्हणून आपलीच बाही झटकली.

सुगतनं सीट दाबून बघितली, नीट बसली का. पुन्हा एकदा दाबली. मग गाडी वळवली. गल्लीच्या टोकाला गतिरोधक आहे. त्याच्यावरून गावातली पोरं उडवत नेतात. सुगतनं गाडी त्याच्यापाशी जवळजवळ थांबवली, दोन्ही पाय जमिनीला टेकवले, पुढचं चाक हळूच चढवलं, हळूच उतरवलं, मग मागचं. मग तो मेन रोडला लागला.

सिद्रामप्पा रस्त्याकडं बघत उभे होते. त्यांचा एक हात सदऱ्याच्या खिशावर होता.

“मोगरा लातुरातबी मिळतो,” ते म्हणाले. “गंजगोलाईत. कधीपासूनच मिळतो.”

मन्मथ गतिरोधकाकडं बघत होता.

“आता तिथूनच आणत जा.”

“हाव, अप्पा.”

ते आत गेले. मन्मथ नळावर हात धुवायला गेला. वाकला तसा नवा देव छातीवर पुढं आला. बामच्या बाटलीपेक्षा हलका होता.

“उतरलं का रे डोकं?” आईनं आतून विचारलं.

“उतरलं.”

साहेब उठून आला. त्यानं मन्मथचा खिसा हुंगला. तेलाचा डाग होता, आत काही नव्हतं. त्यानं वर बघितलं आणि बराच वेळ शेपूट हलवत राहिला.